हनाचा वाडगा

दिवाळी चार दिवसांवर आली की माझ्या अंगात येते. वर्षभर बालवर्गाची रडणारी-हसणारी पोरे सांभाळणारी मी बाई एकदम पदर खोचते आणि माळ्यावरची भांडी खाली काढते. समया, ताम्हन, पंचपात्री, आजेसासूबाईंचा पानाचा डबा, आणि एके काळी न्हाणीघरात मानाने धूर सोडणारा, पण आता नुसता कोपरा अडवून बसलेला तांब्याचा बंब. चिंचेचा कोळ, मीठ आणि विटेची चाळलेली भुकटी घेऊन मी जी बसते, ती दुपारच्या चहाची वेळ टळली तरी उठत नाही. घरातले म्हणतात, हिला एक वेळ कागद-लेखणी देऊ नका, पण चिंच द्या.

या घासाघाशीतून एकच वस्तू सुटते: आईचा कुंकवाचा करंडा. त्याच्या आत मेणाने धरून ठेवलेला कुंकवाचा जुना लाल थर आहे. आई जाऊन कितीतरी वर्षे झाली. थर तसाच आहे. करंडा मी बाहेरून फडक्याने पुसते आणि जागेवर ठेवून देते. असे का, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते. वेळीच विचारले असते, तर आज सांगणार आहे ती गोष्ट माझ्या हातून घडली नसती.

ती 2013 साल होते. आम्ही तेव्हा माझगावात राहत होतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका इराण्याचे हॉटेल होते. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतीभर आरसे. मुंबईतले पुष्कळसे इराणी हॉटेलवाले मूळचे यज्दचे, नाहीतर यज्दच्या आसपासच्या खेड्यांतले. यज्द म्हणजे इराणच्या मध्यभागी, वाळवंटाच्या काठी वसलेले मातीच्या कच्च्या विटांचे जुने शहर. या लोकांत जरथुष्ट्री आहेत, तसेच शिया मुसलमानही आहेत. हॉटेलवाल्याच्या आई शिया होत्या. यज्दहून लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आता सत्तरीला टेकल्या होत्या. सारी इमारत त्यांना 'खाला' म्हणे. खाला म्हणजे मावशी. मी लिहिते हे त्यांना ठाऊक होते, पण त्याचे त्यांना विशेष काही वाटत नसे. मुलांना शिकवते, याचे वाटे. म्हणून मी त्यांची 'टीचर'.

त्या वर्षी आमच्या शाळेत 'देशोदेशीचे लग्नसोहळे' असे प्रदर्शन भरवायचे ठरले. एकेका शिक्षकाच्या वाट्याला एकेक देश आला. मॅट्रिकवर शिक्षण थांबलेली मी, पुस्तके चाळून परदेशाची माहिती काढणे मला जड जाणार हे ओळखून मुख्याध्यापकांनी मला इराण दिला. "तुमच्या खाली इराणीच आहे की!" ते म्हणाले. मी जिना उतरले आणि खालांच्या दारात जाऊन उभी राहिले.

खालांनी पलंगाखालची पेटी ओढली. वरचे कापड काढून त्यांनी पलंगभर पसरले तेव्हा खोलीचा रंगच पालटला. 'तेर्मे' म्हणतात त्याला. लोकर आणि रेशीम यांचे यज्दचे विणकाम. हातमागावर अख्ख्या दिवसात जेमतेम वीतभर निघते. त्याच्या गर्द लाल अंगावर ओळीने कोयऱ्या होत्या.

"अगंबाई! खाला, ही तर आमच्या शालूवरची कोयरी!"

"आमची आहे," खाला म्हणाल्या. "तुमच्याकडे पाहुणी आली, ती राहिली."

मग एकेक वस्तू निघू लागली, आणि खाला सांगू लागल्या. लग्नाच्या आदल्या रात्री 'हनाबंदान' असते. हना म्हणजे मेंदी, आणि बंदान म्हणजे बांधणे. बांधायचे कशाला, हा प्रश्न माझ्या तोंडावर दिसला असावा. त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळव्यावर मेंदी थापल्यासारखे केले, बोटे मुडपली आणि मूठ पदराने गुंडाळली. त्यांच्या गावची जुनी रीत तशी. आपल्यासारखी काडीने बारीक नक्षी काढायची नाही. तळवा भरून मेंदी, बोटांची टोके मेंदीत बुडवलेली आणि वर रात्रभर कापड बांधलेले. दक्षिणेकडे, होर्मोज्गानच्या किनाऱ्यावरच्या बायका मात्र हातापायांवर सुरेख वेलबुट्टी काढतात. यज्दच्या हातावर वेलबुट्टी नाही. म्हणूनच की काय, ती सगळी भांड्यांवर उतरलेली होती.

मोठे तांब्याचे तबक होते, कडेला पाकळ्या पाडलेले. तबक हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला आहे, तो इथे मला माहेरी भेटला. नवऱ्याकडची माणसे असली तबके डोक्यावर घेऊन मिरवत वधूच्या घरी येतात. मधोमध हनाचा वाडगा. भिजवलेल्या मेंदीतच रोवलेल्या छोट्या मेणबत्त्या. भोवती हिरवी पाने, साखरेत घोळवलेले बदाम, रंगीत कागदात बांधलेल्या साखरेच्या उंच शंकूसारख्या ढेपा. शेजारी आरसा आणि शमादानांची जोडी. हा आरसा पुढे लग्नातही वधूवरांच्या समोर असतो. तबक हातात घेऊन बायका आळीपाळीने नाचतात. मेणबत्त्या विझू द्यायच्या नाहीत, हे त्यातले कसब. आणि दृष्ट लागू नये म्हणून निखाऱ्यावर इस्फंदाचे दाणे तडतडत असतात. आपल्या मीठ-मोहऱ्यांचे ते इराणी भावंड.

दुसऱ्या गाठोड्यात नवरीच्या न्हाण्याचे सामान होते. पूर्वी घरोघरी न्हाणीघर नसे. सारा गाव सार्वजनिक हमामात जाई आणि मेंदी लावणे-धुणे तिथेच चाले. कर्मान शहरातले गंजअली खानाचे हमाम सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले. आता तिथे संग्रहालय आहे, आणि मेणाची माणसे जुन्या रीतीने न्हात बसलेली आहेत. नवरीला तिथे वाजतगाजत नेत. सामान ज्या भरतकामाच्या चौकोनी कापडात बांधायचे त्याला 'बोगचे' म्हणतात. मला आपले 'बोचके' आठवले आणि हसू आले. बोगच्यातून निघाली चांदीच्या मुठीची वजरी, लाकडी कंगवा, आणि एक पितळी वाटी. तिच्यावर अक्षरे कोरलेली आणि काठाला बारीक पट्ट्यांचा झुपका. 'चेहेल कलीद', म्हणजे चाळीस किल्ल्या. या वाटीने नवरीच्या, नाहीतर बाळंतिणीच्या अंगावर पाणी घालायचे. चाळीस किल्ल्यांनी नशिबाचे कुलूप कुठून तरी उघडेलच, ही समजूत.

सगळ्यांत शेवटी वाडगा निघाला. ओंजळीएवढा, तांब्याचा, वर कल्हई. बाहेरून सरूची झाडे आणि पक्ष्यांच्या जोड्या कोरलेल्या. काम इस्फहानचे. तिथले कारागीर असे भांडे कोरताना त्यात डांबर भरतात आणि मग छिन्नी-हातोडी चालवतात. आत टेकू असला म्हणजे घावाने पत्रा बसत नाही. आतल्या तळाशी बारा पाकळ्यांचे फूल होते, असे खाला म्हणाल्या. मला ते दिसले नाही. तिथे काळपट तपकिरी खपली धरली होती. बाकी लखलखाटात तो वाडगा कळकट, केविलवाणा वाटत होता.

"हे सगळं चार दिवस नेऊ?" मी विचारले.

खालांनी एकेक वस्तू माझ्या पिशवीत ठेवली. वाडगा हातात घेऊन मात्र त्या जरा थांबल्या. "टीचर, जसा आहे तसा परत आण."

फोडू नकोस, हरवू नकोस, असा त्याचा अर्थ मी घेतला.

पुढचे तुम्ही ओळखले असेलच. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सगळे घर निजले, आणि मी मोरीत बसले. चिंच, मीठ, विटेची भुकटी. खपली सहज निघेना. भिजवली, पुन्हा घासली, शेवटी काडीला चिंधी गुंडाळून पाकळी न् पाकळी कोरून काढली. फूल वर आले. खरोखर बारा पाकळ्या होत्या! घासता घासता कल्हईही उडाली आणि आतून तांबे लालबुंद चमकू लागले. इतक्या वर्षांचा मळ मी एका रात्रीत काढला, याचा मला कोण अभिमान! दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात वाडगा पुढच्या रांगेत होता. पालकांनी वाखाणला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचा इराण उजळला."

चौथ्या दिवशी मी सामान परत घेऊन गेले. वाडगा शेवटी दिला, कौतुकाची वाट पाहत. खालांनी तो उजेडात धरला. मग तर्जनी आत घालून फुलाच्या खाचांतून एकदा फिरवली आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. बोट स्वच्छ होते. त्यांनी वाडगा मांडीवर ठेवला.

"चहा घेतेस?" त्यांनी विचारले.

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी चहा प्यायले. काहीतरी चुकले आहे एवढे कळले. काय, ते कळले नाही. ते मला त्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितले.

वाडगा खालांच्या आईचा. दोघी बहिणींची मेंदी त्यातच भिजली. धाकटी यज्दलाच दिली होती, म्हणून वाडगा तिच्याकडे राहिला. तिला एकच मुलगा. त्याचे लग्न ठरत आले होते. तेव्हा इराण आणि इराक यांचे युद्ध चालू होते; 1980 च्या सप्टेंबरात सुरू झालेले ते युद्ध 1988 च्या ऑगस्टपर्यंत थांबले नाही. मुलगा आघाडीवर गेला. चढाईच्या आदल्या रात्री ही पोरे एकमेकांच्या हाताला मेंदी लावीत. 1987 च्या जानेवारीत बसऱ्याच्या बाजूला मोठी लढाई झाली, तिच्यात तो गेला. एकोणीस वर्षांचा होता.

मेंदी आणि मरण यांची ही जोडी मला विचित्र वाटली, तेव्हा सुनेने कासिमची कथा सांगितली. 680 साली करबलाच्या रणात इमाम हुसेन यांच्याबरोबर त्यांचा तरुण पुतण्या कासिम मारला गेला. मरणाच्या आदल्या दिवशी त्याचे लग्न लागले होते, अशी कथा आहे. इतिहासाचे अभ्यासक ती खरी मानत नाहीत. लोकांनी मात्र ती सोडली नाही. मोहरमच्या दिवसांत कासिमच्या नावाने हनाची तबके सजतात: तोच वाडगा, त्याच मेणबत्त्या, तोच आरसा, भोवती मात्र नाच नसतो, रडणे असते. आपल्याकडे लखनौ-हैदराबादलाही सातव्या मोहरमला कासिमची मेंदी निघते. आणि लग्नावाचून तरुण मुलगा गेला, तर इराणात त्याच्या गल्लीच्या तोंडाशी आरशांचा, दिव्यांचा आणि फुलांचा एक मनोरा उभा करतात; मधे त्याचा फोटो. त्या मनोऱ्याला 'हेज्ले' म्हणतात. हेज्ले या शब्दाचा खरा अर्थ, नवरानवरीची खोली.

खालांच्या बहिणीने त्या दिवशी आईच्या वाडग्यात मेंदी भिजवली. मेणबत्त्या लावल्या आणि वाडगा मुलाच्या हेज्ल्यात ठेवला. ती मेंदी कुणाच्या हाताला लागली नाही. तशीच वाळली. वरची वाळून गळून गेली, खाचांतली राहिली. चार वर्षांनी बहीण मुंबईला आली तेव्हा तिने वाडगा खालांच्या हातात दिला. म्हणाली, "घरात ठेववत नाही, आणि धुववत नाही."

सव्वीस वर्षांचे ते मी विटेच्या भुकटीने काढले होते.

मी घरी येऊन स्वतःची समजूत घालू पाहिली. मेंदीचा रंग धातूवर चढत नाही. तो चढतो कातडीवर, केसांवर, लोकरीवर. म्हणजे वाडग्यात होता तो काही मेंदीचा रंग नव्हे, नुसता वाळलेला पाला. ही शास्त्रशुद्ध समजूत मी दोन दिवस घातली. मग कशासाठी तरी देव्हाऱ्यातला आईचा करंडा उघडला, आणि बोट आत घालवेना.

मी खाली गेले. काय बोलायचे ते जिन्यात जुळवले होते. दारात सगळे विसरले. खालांनीच बोलून टाकले, "तू मुद्दाम नाही केलंस. ते राहू दे. मला बहिणीला सांगायचं आहे." बहीण दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करी. "शुक्रवारी तू इथे बस," खाला म्हणाल्या. मला शिक्षा म्हणून, की त्यांना सोबत म्हणून, हे मी विचारले नाही.

शुक्रवारी मी बसले. फोन आला. फारसीतले मला काही कळत नव्हते. 'हना' एवढा एक शब्द ओळखीचा. तो खालांच्या तोंडून दोनदा आला. मग खाला बोलायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मी डोळे फाडून पाहत होते, पण काटे दिसत नव्हते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काय म्हणाल्या?"

"रडली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग म्हणाली, रिकामा झालाय ना? तर आता भर."

खालांच्या नातीचे लग्न ठरलेले होते. मोहरम आणि सफर हे शोकाचे दोन महिने सरल्यावर, फेब्रुवारीत. त्या रात्री हनाला कुठले भांडे घ्यायचे, याची घरात चर्चाही झाली होती. वाडग्याचे नाव अर्थातच कुणी काढले नव्हते. पण उघड्या तांब्यात मेंदी कशी भिजवायची? कल्हई मी करून आणते, म्हणाले. तेवढे तरी माझ्या हातचे.

कल्हईवाला शोधायला मला तीन रविवार लागले. लहानपणी 'कल्हईऽऽ' अशी आरोळी आली की आम्ही भांडी घेऊन धावत असू. आता स्टीलच्या राज्यात ती आरोळी कुठली? शेवटी भेंडीबाजारामागच्या एका बोळात एक म्हातारा भेटला. त्याने भाता चालवला, वाडगा तापवला, नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका हिसक्यात आतून चांदणे फिरवले. मग फूल निरखून म्हणाला, "बाई, इतकी जोर लावून कोणी घासलीन ही?"

"मीच," मी म्हटले. पैसे देऊन निघाले.

हनाबंदानच्या रात्री खालांची खोली माणसांनी फुलून गेली होती. तेर्मे अंथरले होते. मेंदी यज्दहून बहिणीने पाठवली होती. मेंदीची झाडे कर्मानकडच्या उष्ण मुलखातली, पण पाने दळायला येतात यज्दला; तिथे 'माजारी' म्हणून गिरण्या आहेत. प्रचंड दगडी चाके, पूर्वी उंट फिरवीत, आता वीज फिरवते. खालांनी ती हिरवी भुकटी कोमट पाण्यात कालवली आणि वाडग्यात ओतली. बारा पाकळ्या एकेक करून बुडाल्या. खाला क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेणबत्त्या आणा."

मग टाळ्या, गाणी, तोंडाने काढलेले ते उंच किलकारीचे आवाज. तबक या हातातून त्या हातात नाचले. नवरीच्या तळव्यावर मेंदी थापून मुठी बांधल्या. उरलेली मेंदी आधी लग्नाच्या मुलींना दिली. ती लागली की त्यांचेही लवकर जमते म्हणतात. सगळ्यांत शेवटी खालांनी मला जवळ बसवले, माझा उजवा तळवा भरला, हिरवी चिंधी गुंडाळली आणि गाठ मारली. चांगली घट्ट मारली.

रात्री मी तिथेच लवंडले. सकाळी जाग आली तेव्हा खोलीभर पसारा. चिंधी सोडून पाहिली. तळवा नारिंगी झाला होता, आणखी दिवसभराने गडद होणार होता. सवयीने मी उठले, बशा गोळा केल्या, चमचे गोळा केले, आणि तबकातला वाडगा उचलून नळाकडे निघाले.

"टीचर!"

ही आरोळी खालांची होती. सारे घर दचकून जागे झाले. मी नळाशी, हातात वाडगा. खाला पलंगावर अर्धवट उठलेल्या, केस विस्कटलेले, हात पुढे केलेला. दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग खाला हसू लागल्या. नातीलाही हसू फुटले. हसता हसता खालांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले, तरी त्यांचा पुढे केलेला हात मागे गेला नाही. मी वाडगा त्या हातात दिला. त्याच्या खाचांतून मेंदी नुकती सुकू लागली होती.

खाला 2019 साली गेल्या. वाडगा नातीकडे आहे. आम्हीही माझगाव सोडले. पण दर दिवाळीला मोरीत चिंच-मीठ घेऊन बसले, की प्रत्येक भांड्याला हात घालण्याआधी मी ते एकदा उजेडाकडे तिरके करून आत पाहते. घरातले हसतात. हसोत. आईचा करंडा बाजूला काढून ठेवला आहे ना, याची खात्री करते, आणि मगच बंबाला लागते.